पोटऱ्यांना कळलेला चढ

आजोबांनी पडद्याकडे पाहिलंच नाही. दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं होऊनही त्यांना माणसाचा आकार तेवढा कळायचा, चेहरा कळायचा नाही. ते खाटेवर भिंतीला पाठ टेकून बसले आणि म्हणाले, "चालव." मी गाडी सोडली. लॅपटॉपला जोडलेल्या स्पीकरमधून रुळांच्या सांध्यांचा आवाज येऊ लागला. आजोबांनी खाटेच्या लाकडावर बोटानं ताल धरला आणि पाच-सहा ठोक्यांतच बोट थांबवलं.

"लय पळून राहिली तुयी गाडी. हे आपली गाडी नाही होय."

वेग मी ताशी ४५ किलोमीटर ठेवला होता. मला तोच हळू वाटत होता. तो २० वर आणला आणि गाडी पुन्हा सोडली. बोट पुन्हा चालू झालं, ते थांबलं नाही. बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "आता आली."

ही २०२० च्या उन्हाळ्यातली गोष्ट. शाळा बंद होत्या. मी वऱ्हाडातल्या कारंजात एका शाळेत संगणक शिकवते. आजोबा मूर्तिजापूर-यवतमाळ या अडीच फुटी लाइनीवर, म्हणजे शकुंतला रेल्वेवर, कीमन होते, आमच्याकडे त्यांना चावीवाला म्हणतात. खांद्यावर हातोडा आणि पाना घेऊन रोज काही मैल रुळांवरून चालत जायचं, तेवढंच परत यायचं. स्लीपरवरची चावी ढिली दिसली की ठोकायची, फिशप्लेटचे नट आवळायचे. १९९६ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्यांनी हेच केलं. त्या उन्हाळ्यात मी संगणकावर मूर्तिजापूर ते कारंजा हा शकुंतलेचा रस्ता उभा करायला घेतला होता. रूळ, बाभळी, शेतं, मोऱ्या, स्टेशन. मला येत काहीच नव्हतं. जे थोडं आलं, ते लोकांनी चुका दाखवल्या म्हणून आलं. आणि शकुंतलेचा जो इतिहास मला आज माहीत आहे, त्यातला मोठा भाग या चुकांच्या वाटेनंच हाती लागला.

खेळण्यातली रेल्वे मी पहिल्यांदा पाहिली ती पुण्यात, कॉलेजच्या सहलीत. कोथरूडमध्ये भाऊ जोशी यांनी १९९८ मध्ये उघडलेलं लहान रेल्वेचं संग्रहालय आहे. एका खोलीएवढ्या मांडणीत अख्खं शहर, त्यात गाड्या, सर्कस, पोहण्याचा तलाव, दिवस मावळला की लागणारे दिवे. सगळं १ ला ८७ या प्रमाणात. मी काचेला नाक लावून उभी राहिले होते, गर्दीनं पुढे ढकललं तरी हलले नाही. तिथलं गाव युरोपीय वळणाचं होतं. आपल्याकडची गाडी, आपल्याकडचं रान असं कोणी केलं तर ते कसं दिसेल, हा प्रश्न तिथून माझ्याबरोबर आला आणि पुढे कित्येक वर्षं तसाच राहिला.

लाकडाच्या फळीवर ते करणं आम्हाला शक्य नव्हतं. हिशेब साधा आहे. शकुंतलेची मूर्तिजापूर ते यवतमाळ ही लाइन ११३ किलोमीटर. ८७ नं भागलं तरी १,३०० मीटर उरतात. एवढी लांब खोली कोणाकडे आहे? अडीच फुटी रुळांमधलं अंतर मात्र त्या प्रमाणात पावणेनऊ मिलिमीटर, म्हणजे शर्टाच्या बटणाहून कमी. संगणकानं लांबीची अडचण संपवली. २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टनं ट्रेन सिम्युलेटर काढला आणि त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनच्या ऑरन कंपनीनं ट्रेन्झ आणला. ट्रेन्झमध्ये गाडी चालवण्याइतकाच रस्ता बांधण्याचा भाग मोठा. त्याला 'सर्व्हेयर' म्हणतात, आणि जमिनीच्या चौकोनाला 'बेसबोर्ड'. लाकडी फळीचं नाव तसंच्या तसं संगणकात आलेलं आहे. एक बेसबोर्ड ७२० मीटर लांब, ७२० मीटर रुंद. यवतमाळपर्यंत जायचं तर असे दीडशेच्या वर बेसबोर्ड एकापुढे एक जोडावे लागतात.

मी पहिले चार बेसबोर्ड तीन आठवड्यांत भरले आणि एका जाणकाराला दाखवले. हा गृहस्थ बरीच वर्षं असे मार्ग बांधत होता, त्याचा हात पक्का होता. त्यानं फोनवर तासभर चुका सांगितल्या. मी लिहून घेतल्या, चौदा निघाल्या. रूळ मीटरगेजचे टाकलेत. जमीन लॉनसारखी हिरवी आहे. गवताचं चित्र दर काही पावलांनी तेच ते येतं, त्यामुळे शेत सतरंजीसारखं दिसतं. झाडं एकाच उंचीची. रस्ता रुळांना अगदी काटकोनात कापतो. प्रत्येक घराचं तोंड गाडीकडे. आणि शेवटी, "हे पुसून नव्यानं करा." चौदाच्या चौदा गोष्टी खऱ्या होत्या. पण त्या एकदम अंगावर आल्या. आज रात्री बसून यातली कोणती दुरुस्त करू, हे मला कळेना. दोन महिने मी ती फाइल उघडली नाही.

ती उघडली रुळांच्या मुद्द्यासाठी. तेवढी एकच गोष्ट मनात टोचत राहिली होती. अडीच फूट म्हणजे ७६२ मिलिमीटर. मीटरगेज १,००० मिलिमीटर. पडद्यावर हा फरक वीतभरही दिसत नाही. मग एवढा फरक पडतो कशानं? याचं उत्तर शोधायला गेले आणि शकुंतलेच्या जन्मापर्यंत पोहोचले.

ही लाइन कापसासाठी झाली. १८५३ पासून वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली होतं. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस अडला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडावर बसली. १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची मोठी लाइन नागपूरला पोहोचली. तिच्यावर मूर्तिजापूर होतं. कारंजा, दारव्हा, यवतमाळ मात्र आत राहिले. कारंजाचा कापूस बैलबंडीनं मूर्तिजापूरला जायचा. पावसाळ्यात काळ्या मातीत बंडीचं चाक आसापर्यंत रुतायचं. १९१० मध्ये किलिक निक्सन कंपनीच्या कारभाराखाली सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनी निघाली. मूर्तिजापूर-यवतमाळ, मूर्तिजापूर-अचलपूर आणि वर्धा जिल्ह्यातली पुलगाव-आर्वी या तिच्या लाइनी. अडीच फुटी रूळ निवडले ते खर्चासाठी. रूळ हलके, वळणं आखूड, भराव कमी, इंजिन लहान.

पण मोठ्या लाइनचं अंतर १,६७६ मिलिमीटर. छोटी गाडी मोठ्या रुळांवर जाऊच शकत नाही. म्हणजे कारंजाहून आलेली प्रत्येक गाठ मूर्तिजापूरला छोट्या डब्यातून उतरवायची आणि मोठ्या डब्यात चढवायची. हे काम माणसांच्या पाठीवर व्हायचं. रुळांमधलं अंतर चुकलं तर मूर्तिजापूरचे हमाल चित्रातून पुसले जातात. फोनवरच्या त्या गृहस्थानं हे एवढंच, याच शब्दांत सांगितलं असतं तर माझे दोन महिने वाचले असते. चूक कोणती हे त्याला माहीत होतं. त्या चुकीनं काय हरवतं, हे तो बोलला नाही.

आजोबांची तऱ्हा वेगळी होती. त्यांना दिसत नव्हतं, म्हणून मला सगळं बोलून दाखवावं लागायचं. आता आपण स्टेशनातून निघालो. डाव्या हाताला एक घर आहे, कवेलूचं. पुढे बाभळी आहेत, दर वीस पावलांवर एक.

"मोजून उगवते का बाभया?"

मी गप्प. मग ते आपणच सांगायचे. बाभूळ बांधावर असते, नाल्याच्या काठानं असते, शेताच्या मधोमध कोणी ठेवत नाही. एका ठिकाणी पाच, मग बराच वेळ काही नाही, मग एकटा निंब. त्या निंबाखाली तुरीच्या वेळी कोण जेवायला बसायचं, तेही यायचं. मी ती बाभळीची रांग काढून टाकली. बोलून दाखवावं लागतं म्हटल्यावर अर्ध्या चुका मला माझ्याच तोंडून ऐकू यायच्या. "इथे हिरवं शेत आहे," असं म्हणता म्हणता जीभ अडायची. कसलं हिरवं? कोणत्या महिन्यातलं?

"काय पेरलं तिथं?" त्यांनी विचारलं होतं.

"सोयाबीन."

"गाडीले कोनतं इंजिन हाय?"

"कोळशाचं."

"मंग सोयाबीन कुठून आलं?"

मला हा प्रश्न आधी समजलाच नाही. माझ्या डोळ्यांसमोरचं कारंजा सोयाबीनचं आहे, मी लहानाची मोठी त्यातच झाले. शकुंतलेचं कोळशाचं इंजिन १९२१ मध्ये मँचेस्टरला बनलेलं. ते १९२३ पासून या लाइनीवर धावलं आणि १५ एप्रिल १९९४ रोजी त्याच्या जागी डिझेल इंजिन आलं. वऱ्हाडात सोयाबीन पसरलं ते त्या इंजिनाच्या अगदी शेवटच्या वर्षांत. त्याआधीच्या साठ-पासष्ट वर्षांत गाडीच्या दोन्ही बाजूंना कापूस, तूर, ज्वारी, मूग. ज्वारी माणसापेक्षा उंच वाढायची, तेव्हा आश्विनात डब्याच्या खिडकीतून पलीकडचं गाव दिसायचंच नाही, नुसती कणसं दिसायची. माझ्या गुडघाभर सोयाबीनमुळे सगळी गावं उघडी पडली होती. एक पीक बदललं आणि पडद्यावरचा रस्ता बोगद्यासारखा झाला, दोन्हीकडून ज्वारीच्या भिंती. गाडी वेगळीच वाटू लागली. मला त्या दिवशी रात्री झोप आली नाही, इतका आनंद झाला होता.

आणि ज्या कापसासाठी लाइन आली तो कापूस मँचेस्टरला, आणि त्याला ओढणारं इंजिन मँचेस्टरहून. सिग्नलवर लिव्हरपूलचं नाव ओतलेलं. त्याच लिव्हरपूलमध्ये फ्रँक हॉर्नबीनं १९०१ मध्ये मेकॅनोचं पेटंट घेतलं आणि १९२० मध्ये चावीची खेळण्यातली गाडी बाजारात आणली. तिकडच्या पोरांना त्या शहरानं खेळण्यातली गाडी दिली आणि आम्हाला खऱ्या गाडीचे सिग्नल दिले. आमची गाडी खेळण्याएवढी व्हायला शंभर वर्षं लागली.

चढाची गोष्ट मला सविस्तर सांगायची आहे, कारण हा लेख त्यासाठीच लिहायला घेतला.

संगणकात जमीन उंच-सखल करायला उंचीचे आकडे लागतात. ते अंतराळातून मिळतात. फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकेच्या एन्डेव्हर यानानं अकरा दिवसांत पृथ्वीच्या बहुतेक जमिनीची रडारनं उंची मोजली. ते आकडे आज कोणालाही फुकट घेता येतात, साधारण दर ३० मीटरला एक. मी ते टाकले. डोंगराळ भागात ते छान बसतात. आपला भाग सपाट. इथे चार-पाच मीटरचा फरक म्हणजेच सगळं काही, आणि तेवढी तर त्या मोजणीची चूकच असते. शिवाय ट्रेन्झमधली जमीन दहा-दहा मीटरच्या जाळीवर ताणलेली. शकुंतलेचा भराव त्याहून कितीतरी अरुंद. तो उचलायला गेलं की दोन्ही बाजूंची शेतंही उचलली जातात आणि भरावाची टेकडी होते. नव्या माणसाच्या कामात ही टेकडी हमखास दिसते. माझ्याही होती. ती मी सपाट करून टाकली, आणि त्या नादात सगळा रस्ताच पाटासारखा केला.

आजोबांना सांगितलं, "आता सरळ आहे, एकदम सपाट."

"कुठपावतर?"

"नाल्यापासून पुढच्या फाटकापर्यंत."

त्यांनी मान हलवली. "थे सपाट नाही. तिथं चढ हाय."

मी आकडे पाहिले. आकड्यांत चढ नव्हता. भारतीय सर्वेक्षण विभागाचा नकाशा उघडला. तिथे दोन समोच्च रेषांच्या मधे ती सगळी जागा, एकही रेषा मधून जात नव्हती. मी म्हटलं, "नकाशात नाही दिसत, आबा."

"नकाशा चालला का कधी? पोटऱ्यांले समजते."

मग त्यांनी तो चढ सांगितला. नाला ओलांडला की पहिलं काही नाही. मग हळूच सुरू होतो, डोळ्यांना दिसत नाही. हातोडा खांद्यावर जड वाटायला लागला की समजायचं आपण चढावर आहोत. जिथे खांदा बदलावासा वाटतो तिथे चढ निम्मा झाला. जिथे बिडी पेटवायला थांबायचे तिथे माथा. परत येताना त्याच जागी पाय आपोआप उचलायचे. हंगामात कापसाचे डबे भरून गाडी आली की इंजिन तिथेच धापा टाकायचं, आवाज बदलायचा. शेतातल्या बाया मान वर न करता सांगायच्या, गाडी चढाला लागली. गावात घड्याळं कमी होती तेव्हा तो आवाज हीच वेळ होती.

मी तो चढ आकड्यांत नसताना घातला. खांदा बदलायची जागा, बिडीची जागा आणि उताराची सुरुवात, अशा तीन खुणा. जाळीच्या फक्त एका ओळीच्या उंचीत अगदी थोडा थोडा फरक करत गेले, रूळ त्यावर ठेवले. मग चारच डबे जोडले, वजन भरलं आणि गाडी सोडली. नाला गेला. थोड्या वेळानं इंजिनाच्या आवाजाचा सूर खाली गेला, ठोके लांबले. आजोबांचं खाटेवरचं बोटही त्याबरोबर लांबलं. ते काही बोलले नाहीत. त्यांनी उजव्या खांद्यावरचा टॉवेल काढून डाव्या खांद्यावर टाकला.

त्यापुढे मी त्यांच्याकडून असाच अख्खा रस्ता भरून घेतला. "इंजिन पानी कुठं पेते?" या एका प्रश्नानं मला कळलं की कोळशाच्या गाडीच्या स्टेशनात पाण्याची सोय दाखवली नाही तर ती गाडी पुढे जाऊच शकत नाही. रूळ मी चकचकीत ठेवले होते. ते म्हणाले, दिवसातून एकदा जाणारी आणि एकदा येणारी गाडी रूळ किती घासणार? माथ्यावर बोटभर रुंदीची चकाकी, बाकी सगळा गंज, आणि पावसाळ्यात तर रुळांच्या मधे गवतच गवत. स्टेशनात मी उंच फलाट बांधला होता. तिथे बाया पायरीवर पाय ठेवून, वरच्या बाईचा हात धरून चढायच्या, असं आत्यानं सांगितलं. फलाट जमिनीला मिळवला.

आत्याचं म्हणणं वेगळंच होतं. ती बघू शकत होती. तिनं पूर्ण गाडी बघितली, कारंजा येईपर्यंत. मग म्हणाली, "मानसं कुठं हायेत?"

खरोखरच माणूस नव्हता. मी तीन महिने राबून निर्मनुष्य रस्ता तयार केला होता. आत्या लेकराला घेऊन या गाडीनं माहेरी यायची. तिकीट गार्डकडूनच मिळायचं. गाडीवर माणसं इतकी कमी की तिकीट देणं, इंजिन सोडणं-जोडणं, सिग्नल बघणं हे सगळं तीच चार-सहा माणसं करायची. आत्यानं आणखी एक चूक काढली, ती कोणत्याही जाणकाराला सापडली नसती. मूर्तिजापूरहून कारंजाला येताना गाडी दक्षिणेकडे चालते. सकाळचं ऊन डाव्या खिडकीतून येतं. डावीकडे बसलं की लेकराच्या तोंडावर पदर धरून यावं लागायचं, म्हणून ती धावत जाऊन उजवीकडची जागा पकडायची. माझ्या गाडीत सकाळच्या सगळ्या सावल्या उलट्या पडल्या होत्या, सूर्य मी चुकीच्या अंगाला ठेवला होता. मी दिशा तपासली. आत्या बरोबर होती.

इंग्लंडमध्ये रॉय इंग्लंड नावाचा एक माणूस होऊन गेला. मूळचा ऑस्ट्रेलियाचा. १९२५ मध्ये तो इंग्लंडला आला, तिथल्या एका खोऱ्यातली गवती छपराची जुनी घरं डोळ्यांदेखत बदलताना, पाडली जाताना त्यानं पाहिली, आणि ती सगळी लहान आकारात नोंदवून ठेवायचं ठरवलं. घरांची मापं घेऊन, भिंतीतला दगड न् दगड बघून. त्यातून पेंडन संग्रहालय उभं राहिलं. ते अजून आहे, आणि स्वयंसेवक पिढ्यान् पिढ्या त्याच खोऱ्यात घरं भरत आहेत. त्याच संग्रहालयात जॉन अहर्नची मॅडर व्हॅली ही जुनी मांडणीही ठेवलेली आहे. गाडीइतकंच भोवतालच्या गावाला महत्त्व देणाऱ्या पहिल्या कामांत तिची गणना होते. अहर्नचं खोरं मनातलं होतं, रॉयचं खरं. दोन्ही सुंदरच. पण माझा जीव रॉयच्या कामात गुंततो. मनातल्या खोऱ्याला कोणी चूक म्हणू शकत नाही. खऱ्या खोऱ्यात दर घरामागे एक म्हातारी असते, जी येऊन सांगते की दार या बाजूला नव्हतं.

आमच्याकडे ती म्हातारी अजून आहे, गाडी नाही. १९५१ च्या सुमारास देशातल्या रेल्वे सरकारी झाल्या, तरी शकुंतलेची मालकी कंपनीकडेच राहिली आणि गाडी करारावर भारतीय रेल्वे चालवत आली. यवतमाळची गाडी २०१६ मध्ये बंद झाली. रुंदीकरणाच्या घोषणा झाल्या. वर्धा-यवतमाळ-नांदेड ही नवी मोठी लाइन दारव्ह्यावरून जाईल. कारंजाच्या रुळांवर मात्र आज गवत आहे, काही ठिकाणी तर गवताखाली रूळ आहेत की नाहीत हे पायानं चाचपून बघावं लागतं.

आता माझ्याकडेही मुलं काम दाखवायला येतात. गेल्या वर्षी आठवीतल्या एका मुलानं वाशीम स्टेशन करून आणलं. मामाकडे शिकायला आलेला, मूळचा वाशीमचाच. झाडं सुंदर लावली होती, कुठेही रांग नव्हती, ते मी त्याला आधी सांगितलं. मग विचारलं, "साल कोणतं?"

"आजोबांच्या वेळचं. १९८५."

"मग हे रूळ कोणते?"

तो थबकला. त्यानं मोठी लाइन टाकली होती, वर विजेच्या ताराही. वाशीमवरून जाणारी लाइन मीटरगेज होती. निजामाच्या रेल्वेनं १९१२ मध्ये पूर्णेहून हिंगोलीपर्यंत आणलेली ती लाइन स्वातंत्र्यानंतर वाशीम, अकोला करत खांडव्याला जोडली गेली. अकोला ते पूर्णा मोठी लाइन २००८ मध्ये झाली, तारा तर त्याहून कितीतरी नंतर. हे मी त्याला सांगितलं नाही. घरी जाऊन आजोबांना विचार, एवढंच म्हटलं. पुढच्या शनिवारी तो छोटे रूळ घेऊन आला, आणि आजोबांकडून मीटरगेजच्या डब्यातल्या लाकडी बाकांची हकीकतही घेऊन आला. मग मी दुसरी गोष्ट दाखवली. स्टेशनबाहेर त्यानं पाटी लावली होती, जि. वाशीम. वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी झाला. १९८५ मध्ये ती पाटी 'जि. अकोला' अशी हवी. आणि त्याआधी, १९०५ पर्यंत, इंग्रजांच्या कागदांत बासिम नावाचा स्वतंत्र जिल्हा होताच. म्हणजे साल बदललं की जिल्हा असतो, नसतो, पुन्हा असतो. पोराचे डोळे असे मोठे झाले. त्या वेळी तिसरी चूकही मला दिसत होती, घरांची तोंडं सगळी रुळांकडे होती. ती मी पुढच्या शनिवारसाठी ठेवली.

माझा नियम आता एवढाच आहे. एका बैठकीला एक चूक, आणि ती सुधारली तर चित्रात कोण परत येईल ते सांगायचं. दाखवणाऱ्यालाही माझं सांगणं आहे की काम कच्चं असतानाच दाखवा. मी ते रंगवून, घोटून, पूर्ण करून दाखवायचं म्हटलं असतं तर चार वर्षं लागली असती. आजोबा तेव्हा ८२ चे होते, आता ८७ चे आहेत. बोट अजून ताल धरतं, पण चढ कुठे सुरू होतो ते आता त्यांना दोनदा विचारावं लागतं.

मूर्तिजापूर ते कारंजा हे माझं काम बरंच झालं आहे. कारंजाच्या पुढे दारव्ह्याकडचा रस्ता मी हातातच घेतलेला नाही. त्या बाजूला पायी चाललेलं माणूस मला अजून भेटलेलं नाही. तुमच्या घरात, गल्लीत कोणी गँगमन, चावीवाला, फायरमन, गार्ड असेल, किंवा त्या गाडीनं माहेरी जाणारी बाई असेल, तर मला कळवा. त्यांना यायला जमणार नाही, हे मला माहीत आहे. लॅपटॉप आणि स्पीकर घेऊन मी येईन.